अर्लिसच्या सरळ रेघा

“तू मुळीच काळजी करू नकोस, अर्लिस,” गावसभेचा अध्यक्ष ड्वेन हॉगन सूपचा रिकामा वाडगा तिच्यापुढे ठेवत म्हणाला. “मंगळवारी आम्ही त्या पोरीला नाही म्हणून सांगतोय. तुझ्या पाठीचा विचार करून.”

चर्चच्या स्वयंपाकघरात अर्लिस ब्रेकीचे हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. “माझ्या पाठीला काय झालंय?”

“झालं नाही गं. होऊ नये म्हणून.”

“आणि पोरगी कोणती?”

“इफ्रा. त्या गुलेदची लेक. म्हातारा आता फार दिवसांचा सोबती नाही म्हणतात. त्याच्यासाठी आपल्या दफनभूमीत जागा मागतेय, आणि तीसुद्धा तिरपी. त्यांच्यात म्हणे माणसाला मक्केकडे तोंड करून झोपवतात. आपल्या सगळ्या ओळी पूर्व-पश्चिम, आणि मधेच एक अशी.” ड्वेनने ओल्या ओट्यावर बोटाने तिरकी रेघ ओढून दाखवली. “तूच नाही का म्हणालीस दुकानात, यंत्र वळवायचं कसं म्हणून?”

म्हणाली होती खरी. गवत कापायच्या यंत्राची पाती घ्यायला गेली असताना कोणीतरी विषय काढला, आणि ती म्हणाली, “मग मी काय यंत्र त्याच्यावरून उडवत नेऊ?” दुकानातले सगळे हसले. लोकांना हसवलं की अर्लिसला बरं वाटायचं. पाती पिशवीत घालून ती घरी आली आणि विसरूनही गेली.

गाव मात्र विसरलं नव्हतं. अमेरिकेतल्या या लोन एल्म गावात कोणी कोणाला सरळ नाही म्हणत नाही. नाही म्हणायचंच असेल तर आधी एक चांगलंसं कारण शोधतात. त्यात कोणाचा अपमान नको, कोणावर राग नको, आणि शक्यतो ते दुसऱ्याच्या सोयीचं हवं. गेला महिनाभर अख्खं गाव असं एक कारण शोधत होतं. सोमाली कुटुंबांविषयी वाईट बोलणारं तिथे कोणी नव्हतं. टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात ती माणसं राबत, त्यांची पोरं शाळेच्या संघात सगळ्यांच्या पुढे पळत, आणि रस्त्यात गाडी दिसली की लोक त्यांना हात करत. हात करणं वेगळं, आणि कायमची जागा देणं वेगळं, एवढंच. आणि हे तोंडाने म्हणायची कोणाची तयारी नव्हती. अर्लिसने सगळ्यांची सोय केली.

“लावॉन, ऐकलंस का?” तिने शेजारी भांडी पुसणाऱ्या नणंदेला विचारलं.

“सगळ्यांनीच ऐकलंय,” लावॉन म्हणाली. “तुझं म्हणणं पटण्यासारखंच आहे. वडी घे ना. चॉकलेटची आहे.”

ईस्टरच्या आधीचे हे उपवासाचे बुधवार. सुपात मलई, सुपाबरोबर लोणी थापलेला पाव, आणि वर लावॉनच्या हातच्या वड्या. देवाने या उपवासांचा हिशेब मागायचं ठरवलं, तर लोन एल्मच्या लूथरन मंडळींना बरंच काही समजावून सांगावं लागणार होतं. अर्लिसने वडी घेतली आणि न खाता ओट्यावर ठेवून दिली.

*

अर्लिसने उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवण्यात घालवली. बर्फात, चिखलात, कोणाच्याही अंगणात ती बस अशी फिरवायची की कोंबडी बिचकू नये. निवृत्त झाली, नवरा नॉर्मन गेला, आणि हाताला चाक नाही म्हणून चैन पडेना. तेव्हा तिने गावच्या दफनभूमीचं गवत कापायचं काम मागून घेतलं. बसून चालवायचं यंत्र, दर गुरुवारी. कुंपणापासून कुंपणापर्यंत तिच्या रेघा अशा सरळ पडत की हमरस्त्यावरून जाणारी अनोळखी माणसंही गाडी हळू करून बघत. चर्चमध्ये गर्व हे पाप आहे असं तिने आयुष्यभर ऐकलं होतं, आणि मान डोलावली होती. पण गवताच्या बाबतीत ते लागू होतं असं तिला कधी वाटलं नाही.

गुलेद वारसामेची आणि तिची ओळख त्या फाटकापाशीच झाली. हा उंच, वाळका म्हातारा रोज संध्याकाळी रस्त्याने फिरायला जायचा, आणि फाटकाशी थांबून छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचा. अर्लिसने बरेच दिवस हे यंत्रावरून पाहिलं. एका गुरुवारी मात्र तिने यंत्र बंद केलं.

“कोणाला शोधताय का?”

“नाही नाही. सलाम करतोय.”

तिने मागे वळून पाहिलं. मागे नुसते दगड. “कोणाला?”

“आत राहतात त्यांना. सगळ्यांना. दारावरून जायचं आणि बोलायचंसुद्धा नाही, हे बरं दिसत नाही.”

“पण यांच्यातलं तुमच्या ओळखीचं कोणी नसेल.”

“आता झालेत ना. नावं वाचून वाचून.” त्याने बोट दाखवलं. “ते बघा, ते जोडपं मला फार आवडतं. नॉर्मन आणि अर्लिस. फुलं नेहमी ताजी असतात त्यांच्याकडे. मुलं चांगली निघाली असणार.”

“फुलं मी आणते.”

“असं? मग तुम्ही त्यांच्या कोण?”

“मी अर्लिस.”

म्हातारा एक पाऊल मागे सरला. दगडावर तिचं नाव होतंच. नॉर्मनच्या वेळीच कोरून घेतलेलं. जन्मसाल, पुढे छोटी रेघ, आणि रेघेपुढे कोरायची राहिलेली जागा. लांबून ती रिकामी जागा काही दिसत नव्हती.

“म्हणजे इतके दिवस मी तुम्हाला...”

“मेलेल्यांत धरत होता.”

मग तो इतका हसला की त्याला फाटकाचा आधार घ्यावा लागला. अर्लिसही हसली. नॉर्मन गेल्यापासून त्या कुंपणाच्या आत ती पहिल्यांदाच हसत होती.

“माफ करा हं. तुमच्या नावाचे बरेच सलाम झालेत माझ्याकडून. परत घेऊ का?”

“राहू द्या की. पुढे लागतील.”

त्या रात्री तिला वाटलं, आपण इतक्या गुरुवारी नॉर्मनच्या डोक्यावरून यंत्र नेलं, पण कधी एक शब्द बोललो नाही. नॉर्मन देवाघरी आहे हे तिला पक्कं माहीत होतं. मग गवताशी काय बोलायचं? असा तिचा सरळ हिशेब होता. या माणसाचा देवही तितकाच पक्का होता, आणि तरी तो फाटकाशी थांबत होता.

*

शनिवारी तिने लेफ्से केल्या. बटाट्याच्या पातळ पोळ्या. तिच्या आजीचं लाटणं, तिच्या आजीचा तवा. हलाल नसलेलं टर्कीचं भाजलेलं नेऊ नये, जिलेटिनची जेली तर मुळीच नेऊ नये, एवढं तिला ठाऊक होतं. बटाटा, पीठ, लोणी आणि मलई. यात कोणाच्या देवाला काही खटकण्यासारखं नाही, असं स्वतःला समजावत तिने डबा गाडीत ठेवला.

दार इफ्राने उघडलं. “ब्रेकीबाई!”

बसमध्ये चढणारी ती बारीक पोरगी आता गावच्या वृद्धाश्रमात काम करत होती. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तीच आंघोळ घालायची, भरवायची. नॉर्मनची आई गेली तेव्हा लावॉन पोचायच्या आत म्हातारीचा हात धरून बसलेली हीच होती. त्यावर लावॉनने तिला आभाराचं कार्ड पाठवलं होतं. मोठं, फुलाफुलांचं.

“मी खाणार नाही हं आत्ता, रोजा आहे,” इफ्रा म्हणाली. “पण आबोला, म्हणजे बाबांना, चालतं. आजाऱ्याला सूट असते. आबो, बघ कोण आलंय.”

खिडकीशी टेकवलेल्या पलंगावर म्हातारा उशांच्या आधाराने बसला होता. होता त्याच्या निम्माही उरला नव्हता. लेफ्सेचा तुकडा त्याने बराच वेळ चघळला.

“आमच्या आईच्या हातची पोळी अशीच मऊ असायची. थोडी आंबट.”

“शिळी झाली की हीसुद्धा होते आंबट,” अर्लिस म्हणाली.

तो हसला आणि त्याला खोकला आला. इफ्राने पाणी दिलं, पाठ चोळली. मग अर्लिसने जे विचारायचं म्हणून ती आली होती ते विचारून टाकलं. “शहरात तुमच्या लोकांची दफनभूमी आहे म्हणतात. मग इथेच का?”

उत्तर इफ्राने दिलं. “शहर म्हणजे जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो, बाई. आबोची आई कुठे आहे ते त्याला माहीत नाही. युद्धात पळताना वाटेतच गेली, वाटेतच पुरलं, आणि पुढे पळाले. तो म्हणतो, तुला चालत येता येईल अशी जागा हवी. आणि जाता-येता कोणीतरी सलाम करेल अशी.”

“ते राहू दे,” गुलेद म्हणाला. मग अर्लिसकडे बघून, “माझ्यामुळे तुमच्या रेघा बिघडतील म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच म्हणालात, असं ऐकलं.”

अर्लिसने डब्याचं झाकण लावलं. तो टोमणा मारत असता तर तिने टोमण्याने परतवला असता. त्यात ती कोणाला ऐकणारी नव्हती. पण म्हातारा मनापासून बोलत होता.

“मी पाहिल्यात त्या रेघा. रोज पाहिल्यात. असं काम माणूस जन्मात एखादंच करतो. नका बिघडवू. पोरीला सांगितलंय मी, शहरात चालेल.”

इफ्रा खिडकीबाहेर बघत होती. अर्लिसने डबा तिथेच सोडला, काहीतरी बोलून निघाली, आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली.

*

मंगळवारी गावसभेला नेहमीपेक्षा जास्त लोक आले. एरवी रस्त्याची खडी आणि नाल्याची सफाई यासाठी घरटी एक माणूस आला तरी खूप. मागच्या टेबलावर कॉफीचं पातेलं, वड्या, आणि इफ्राने आणलेली समोशांची भली मोठी परात. पाचच मिनिटांत परात अर्धी झाली.

“तू घे ना गं,” लावॉन इफ्राला म्हणाली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला उपाशी माणूस नजरेसमोर सहन होत नाही.

“सूर्य मावळल्यावर. रोजा आहे.”

“पाणीसुद्धा नाही?”

“पाणीसुद्धा नाही.”

लावॉनने हातातला अर्धा समोसा हळूच कागदात गुंडाळला आणि ती खिडकीशी जाऊन बसली.

खडी झाली, नाला झाला, आणि मग ड्वेनने घसा साफ केला. “इफ्राची विनंती सगळ्यांना माहीत आहे. मी आधीच सांगतो, गुलेदविषयी कोणाच्या मनात काही नाही. प्रश्न गवताचा आहे.”

“गवताचाच आहे,” मागून कोणी म्हणालं.

“तिरप्या दगडाला चाक अडकलं तर यंत्र उलटेल.”

“आणि अर्लिस आता काही तरुण नाही.”

“उद्या तिने काम सोडलं तर दुसरं कोण मिळणार आहे?”

जो तो उठून अर्लिसच्या प्रकृतीची चौकशी करत होता. नॉर्मन गेल्यापासून तिची एवढी काळजी गावाने कधी वाहिली नव्हती. इफ्रा हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिला या गावाची भाषा लहानपणापासून येत होती.

अर्लिसने हात वर केला. इतक्या वर्षांच्या सभांत तिचा हात फक्त मत द्यायला वर गेला होता.

“ड्वेन, तुझ्या अंगणात मी बस फिरवायचे, आठवतंय? एका बाजूला धान्याची कोठी, दुसऱ्या बाजूला तुझा तो खोंड.”

“आठवतंय की.”

“कधी कोठीला लागली?”

“नाही.”

“खोंडाला?”

लोक हसले. “खोंडालाही नाही,” ड्वेनने कबूल केलं.

“मग न हलणाऱ्या दगडाला वळसा घालायला मला काय होतंय? दुकानात मी बोलले ते हसवायला बोलले. तुम्ही हसलात, तिथे ते संपायला हवं होतं. ते माझं म्हणणं नाही. कोणाचं दुसरं काही म्हणणं असेल तर त्याने ते स्वतःच्या नावावर मांडावं. माझ्या पाठीवर नको.”

काहींनी आपापले कॉफीचे पेले उचलले. दुसरं म्हणणं असलेला कोणी उठला नाही.

ड्वेनचे कान लाल झाले होते. पण तो अध्यक्ष होता, आणि दफनभूमीचा नकाशा त्याला तोंडपाठ होता. “तरी अडचण उरतेच, अर्लिस. फाटकाजवळ, म्हणजे रस्त्यावरून दिसेल अशी, एकच जागा मोकळी आहे. तुझ्या शेजारची. तिरपी खणली तर तिचा कोपरा तुझ्या जागेत येतो.”

“किती येतो?”

त्याने हाताने दाखवलं. “पायथ्याशी. एवढा.”

अर्लिसने त्याच्या हातांमधलं अंतर नीट बघून घेतलं. मग उभ्या उभ्या स्वतःकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मी बुटकी आहे,” ती म्हणाली. “तेवढा भाग मला लागायचा नाही.”

यावर हसावं की नाही ते कोणाला कळेना. इफ्राने मान खाली घातली. तेवढ्यात खिडकीजवळून लावॉनचा आवाज आला.

“अध्यक्ष, थांबा जरा. सूर्य गेला.”

“काय?”

“सूर्य मावळला म्हणतेय. मी मघापासून बघतेय. पोरगी सकाळपासून उपाशी आहे. मतदान पळून जात नाही. इफ्रा, ये इकडे. आधी पाणी पी.”

गावसभेच्या इतिहासात खाण्यासाठी सभा थांबवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ड्वेनने हातोडी उचलली, आणि काय करायचं ते न सुचून पुन्हा खाली ठेवली. इफ्राने पिशवीतून खजूर काढला, पाणी प्यायली, आणि लावॉनने तिच्या बशीत तीन समोसे, चॉकलेटच्या दोन वड्या आणि एक केळं ठेवलं. मग स्वतःचा कागदातला अर्धा समोसा उघडून तिच्या शेजारीच बसून खाल्ला. ती खातेय म्हटल्यावर बाकीचेही उठले. परात रिकामी झाली.

जागा द्यायच्या बाजूने हात वर करा म्हणताच लावॉनचा हात सगळ्यांत आधी गेला. त्यात अजून केळ्याचं साल होतं. मग एकेक करत इतर. विरोधात कोण, असं ड्वेनने विचारलं, तेव्हा काही हात कॉफीच्या पेल्याभोवती घट्ट गुंतलेले होते, आधीही आणि नंतरही. लोन एल्मच्या मानाने हे फार चांगलं झालं. ड्वेनने स्वतः कुठेच हात वर केला नाही. सभा संपल्यावर मात्र त्याने इफ्राला बाजूला घेऊन विचारलं, “तुमची ती दिशा नक्की कोणती? मला नीट दाखवून ठेव. खणायचं मलाच आहे.”

*

जमिनीतलं बर्फ उतरलं आणि लायलॅकच्या झुडपांना कोंब आले, त्या आठवड्यात गुलेद गेला. सकाळी गेला, दुपारी पुरायचा. त्यांच्यात ठेवत नाहीत. ड्वेनने खणायचं यंत्र आणलं. इफ्राने फोनमध्ये बघून दिशा दाखवली, ड्वेनने स्वतःचं जुनं होकायंत्र काढून ती ताडून पाहिली, आणि यंत्राचं काम झाल्यावर खाली उतरून फावड्याने कडा तासत बसला.

“जमलं की आता,” अर्लिस म्हणाली.

“तू सरळ रेघा ओढायच्या, आणि मी वाकडं खणायचं होय?” तो म्हणाला. “जिकडे तोंड पाहिजे तिकडेच आलं पाहिजे.”

लोन एल्ममध्ये माती लोटायचं काम यंत्र करतं, मंडळी निघून गेल्यावर. इथे मात्र सोमाली माणसं प्रार्थना आटोपून फावडी घेऊन स्वतःच पुढे झाली. ड्वेन यंत्राशेजारी थोडा वेळ अवघडून उभा राहिला. मग गाडीतून आणखी एक फावडं घेऊन आला. कोणी त्याला ये म्हटलं नाही आणि कोणी नको म्हटलं नाही. रांगेत थोडी जागा झाली. इफ्रा फाटकाशी बायकांबरोबर उभी होती. लावॉनने तिच्या घरी मोठा डबा पोचवला होता, आणि त्यातल्या प्रत्येक जिनसाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं दुकानात उभं राहून वाचली होती.

मे महिन्यात गवत वाढलं, आणि पहिल्या गुरुवारी अर्लिसने यंत्र बाहेर काढलं. कुंपणापासून सुरुवात केली. रेघा सरळ येत होत्या. फाटकाजवळच्या ओळीत आल्यावर तिने चाक हळूच कलतं घेतलं, तिरप्या मातीला वळसा घातला, आणि पुन्हा सरळ केलं. पुढची रेघ त्या वळशाला लागून थोडी कमी वाकली. त्यापुढची आणखी कमी. पलीकडच्या कुंपणापर्यंत जाता जाता सगळं पुन्हा सरळ झालं होतं.

ड्वेनने रस्त्यावर गाडी हळू केली आणि काच खाली घेतली.

“वाकडी झाली की गं.”

“झाली.”

“बरी दिसते पण.”

“मी काही म्हटलं का?”

गाडी गेली. अर्लिसने फाटकापाशी येऊन यंत्र बंद केलं. कापलेल्या गवताचा वास सुटला होता. इफ्रा सकाळी कामावर जाताना येऊन गेली असावी. मातीवर ओले ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. शेजारच्या दगडापाशी अर्लिसची फुलं होती. तिच्या जागेचा पायथ्याकडचा कोपरा आता तिचा नव्हता, आणि तिला काही तो कमी वाटला नाही.

हातमोजे काढून तिने छातीवर हात ठेवून पाहिला. तिथे हात ठेवायची तिला सवय नव्हती. तो तिने खाली घेतला.

“बरं आहे मग, मंडळी,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “नॉर्मन.” आणि, “गुलेद.”

नॉर्मनच्या दगडावरचं आणखी एक नाव राहिलं होतं. ते घेणारा आता रस्त्याने येत नव्हता. तिने दोन्ही बाजूंना पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली, आणि तेही घेतलं.